एक ले-आऊट, तीन डास: नागपुरातील डासनियंत्रणाचा आनुवंशिकतेच्या अंगाने केलेला प्रकरण अभ्यास

प्रकरण काय होते

दक्षिण नागपुरात रिंग रोडच्या पलीकडे वसलेल्या एका ले-आऊटमध्ये सलग दोन पावसाळ्यांत डेंग्यूचे रुग्ण निघाले. वस्ती मध्यमवर्गीय आहे. बहुतेक घरे दोन मजली, प्रत्येक गच्चीवर प्लॅस्टिकची टाकी, प्रत्येक घराला किमान एक कूलर, आणि घरांच्या मधे मालकाचा ठावठिकाणा नसलेले मोकळे प्लॉट, ज्यांत जूनपासून दिवाळीपर्यंत पाणी आणि गाजरगवत दोन्ही मुक्कामाला असतात. पहिल्या वर्षी रहिवासी मंडळाने धूरफवारणीची मागणी केली आणि ती झाली. दुसऱ्या वर्षी मंडळाने वर्गणी काढून खासगी फवारणीही करून घेतली, शिवाय घराघरांत संध्याकाळ झाली की लिक्विडचे मशीन लागतच होते. तरीही ऑगस्टनंतर तापाचे रुग्ण निघायचे ते निघालेच.

त्यानंतरच्या बैठकीत तीन मागण्या पुढे आल्या. काहींचे म्हणणे, औषध कमी पडते, अधिक जहाल औषध मारा. काहींना गप्पी मासे हवे होते. आणि दोघा-तिघा तरुणांनी बातम्यांत वाचलेल्या ‘चांगल्या डासांचा’, म्हणजे वोल्बाकिया हा जीवाणू अंगात असलेल्या डासांचा, विषय काढला. आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे मंडळ सल्ल्यासाठी आले ते या टप्प्यावर. या तिन्ही मागण्या वरवर वेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचा निकाल एकाच प्रश्नावर लागतो, असे आमचे मत झाले: या वस्तीतल्या डासांमध्ये आनुवंशिक भेद कोणते आहेत, आणि आपण केलेला उपाय त्यांपैकी कोणाला मारतो व कोणाला निवडून ठेवतो?

नागपूरला हा विषय नवा नाही. १९६५ साली शहरात तापाची मोठी साथ आली होती आणि तिच्या तपासात चिकनगुनियाचा विषाणू सापडला होता. त्याच काळात येथील रुग्णांच्या रक्तातून एक वेगळा विषाणूही मिळाला, जो पुढे ‘चांदीपुरा’ या नावाने जगभर ओळखला गेला. तो डासांमुळे नव्हे, तर मुख्यतः वाळूमाशीमुळे पसरतो, म्हणून या प्रकरणात त्याचा संबंध नाही. परंतु ताप आला की ‘डासच’ असे धरून चालू नये, याची आठवण म्हणून त्याचा उल्लेख केला. शिवाय नागपूर हा हत्तीरोगाचा जुना जिल्हा आहे, आणि हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स हा डेंग्यूच्या एडिसपेक्षा सर्वस्वी निराळा प्राणी आहे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

पाहणीत काय आढळले

पाहणीत एकाच वस्तीत तीन प्रकारचे डास मिळाले, आणि तिघांची घरे वेगळी होती. मोकळ्या प्लॉटमधल्या सांडपाणीमिश्रित पाण्यात आणि उघड्या नालीत क्युलेक्स क्विन्क्विफॅसिएटसच्या अळ्या दाटीने होत्या. गच्चीवरच्या झाकण तुटलेल्या दोन टाक्यांत, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहणाऱ्या, म्हणजे अ‍ॅनोफिलिसच्या अळ्या होत्या. शहरी टाक्यांत मिळणारा अ‍ॅनोफिलिस बहुधा स्टिफेन्सी असतो आणि तो मलेरियाचा वाहक आहे. मलेरियाचा रुग्ण वस्तीत नव्हता, त्यामुळे झाकणे बसवून घेण्यापलीकडे या डासाकडे आम्ही लक्ष दिले नाही. डेंग्यूचा वाहक एडिस इजिप्ती मात्र स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात होता: ड्रममध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, पक्ष्यांसाठी ठेवलेल्या भांड्यात, आणि सर्वांत जास्त कूलरमध्ये.

कूलरबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण नागपूरच्या एडिसचे वार्षिक गणित त्याच्याभोवती फिरते. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर असतो, हवा कोरडीठाक असते, आणि उघड्यावरच्या लहानशा पाण्यात अळी जगणे कठीण असते. कूलर चालू असतो तेव्हा मात्र त्याच्या टाकीतले पाणी गवताच्या ताटीवरून सतत वाहते, बाष्पीभवनाने थंड होते, आणि बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी किंवा त्याहूनही अधिक थंड राहते. म्हणजे ज्या ऋतूत निसर्गाने एडिसची संख्या रोडावायला हवी, त्याच ऋतूत आपण त्याला घराच्या खिडकीशी सावलीचे, ओलाव्याचे, माणसाच्या अगदी शेजारचे ठिकाण बांधून देतो. उन्हाळ्यात नागपुरात डेंग्यू फारसा दिसत नाही. पण पावसाळ्यातल्या उद्रेकाचे बियाणे या काळात टिकून राहते.

दुसरी गोष्ट अंड्यांची. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओल्या भिंतीला चिकटवते. ही अंडी पाणी आटल्यावरही अनेक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागले की काही तासांत त्यांतून अळ्या बाहेर येऊ शकतात. एका घरी जिन्याखाली ठेवलेला कूलर दाखवताना त्या घरच्या काकू म्हणाल्या, “आम्ही तर रिकामा करूनच ठेवला होता, सर. थेंबभर पाणी नाही त्यात, पाहा ना तुम्ही.” त्यांचे म्हणणे खरे होते. टाकी कोरडी होती. परंतु टॉर्चच्या उजेडात आतल्या पत्र्यावर, क्षाराचा पांढरा थर जिथे संपतो त्या रेषेवर, खसखशीहूनही बारीक काळे ठिपके ओळीने चिकटलेले दिसत होते. तो थर खरवडून वाटीभर पाण्यात टाकला, तर दुसऱ्या दिवशी त्यात अळ्या वळवळत होत्या. ताटीच्या गवतातही तशीच अंडी होती. कूलर रिकामा करणे आणि कूलर घासणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या घराला पुढे सांगावे लागले नाही.

या अंड्यांना आनुवंशिकतेच्या भाषेतही मोठा अर्थ आहे. कोरड्या कूलरमध्ये थांबलेली अंडी ही गेल्या हंगामातल्या पिढीची साठवण असते. त्या हंगामात फवारणीतून, उष्णतेतून, मशीनच्या वाफेतून जे डास वाचले, त्यांचीच जनुके त्या ठिपक्यांत बंद असतात. कूलर भाडेकरूबरोबर दुसऱ्या मोहल्ल्यात गेला, जुन्या बाजारात विकला गेला किंवा नातेवाईकाने नेला, की ती जनुकेही टेम्पोत बसून जातात. एडिसची मादी स्वतः साधारण शे-दोनशे मीटरच्या परिसरातच वावरते. त्यामुळे जवळजवळच्या दोन वस्त्यांतल्या डासांमध्येही आनुवंशिक फरक असू शकतो, आणि उलट दूरच्या दोन वस्त्या एखाद्या कूलरमुळे किंवा टायरमुळे जोडल्या जाऊ शकतात.

धूर का लागू पडला नाही

पहिली मागणी अधिक जहाल औषधाची होती, म्हणून आधी तिचा विचार करू. घरातल्या लिक्विड मशीनमध्ये ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन असते, आणि खासगी फवारणीवाल्यांच्या पंपातही बहुधा याच कुळातले रसायन असते. हे सारे पायरेथ्रॉइड गटातले आहेत. पायरेथ्रॉइड डासाच्या मज्जातंतूंतील सोडियमच्या मार्गिकेला जाऊन चिकटते. ती मार्गिका उघडीच राहते, मज्जातंतूंचे संदेश थांबत नाहीत, डास तडफडून पडतो. डीडीटीचे लक्ष्यही हीच मार्गिका. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून देशभर जी डीडीटीची फवारणी झाली, तिच्यामुळे या मार्गिकेवर निवडीचा दाब आजच्या औषधांच्या कितीतरी आधीपासून पडत आला आहे.

या मार्गिकेच्या जनुकात एखाद्या जागी एकच अमिनो आम्ल बदलले, तरी औषध नीट चिकटत नाही. अशा बदलांना ‘केडीआर’ (नॉकडाऊन रेझिस्टन्स) म्हणतात. एडिस इजिप्तीत त्यांची अनेक रूपे जगभर नोंदली गेली आहेत. दिल्लीच्या एडिसमध्ये १५३४ क्रमांकाच्या जागी फेनिलअ‍ॅलॅनिनऐवजी सिस्टीन आलेले रूप सापडले, आणि त्याच्या जोडीला १५२० क्रमांकाच्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्यूसिन असलेले एक नवेच रूपही २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले गेले. याशिवाय दुसरी वाट आहे ती विघटनाची: काही डासांच्या शरीरातील विकरे (एन्झाइम) अधिक प्रमाणात तयार होतात आणि औषध मज्जातंतूपर्यंत पोहोचण्याआधीच त्याचे तुकडे करतात. पहिल्या वाटेत कुलूप बदललेले असते, दुसऱ्या वाटेत किल्लीच वितळवली जाते. त्यामुळे औषध बदलताना डासाने कोणती वाट धरली आहे हे ठाऊक असणे आवश्यक ठरते.

हे सारे मंडळाच्या सभासदांना समजावताना सर्वांत उपयोगी पडले ते एक साधे गणित. केडीआरचा गुण मुख्यतः अप्रभावी असतो, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच डास औषधाला पुरेसा दाद देत नाही. समजा, एखाद्या वस्तीतल्या डासांकडे असलेल्या या जनुकाच्या सर्व प्रतींत रोधक, म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या, रूपाचे प्रमाण २० टक्के आहे. नर-मादींचे मीलन सरमिसळ होत असेल, तर दोन्ही प्रती रोधक असलेले डास फक्त ४ टक्के भरतील, आणि ३२ टक्के डास एक प्रत घेऊन गुपचूप वावरतील. या अवस्थेत धूर मारला तर शंभरातले शहाण्णव डास पडतात, आणि सगळ्यांना वाटते, औषध उत्तम आहे. परंतु वाचलेले चार आणि त्यांना मिळालेले मोकळे रान, यांतून पुढची पिढी घडते. काही हंगामांत रोधक रूपाचे प्रमाण ६० टक्क्यांवर गेले, की दोन्ही प्रती असलेले डास ३६ टक्के होतात, आणि तेव्हा कुठे लोक म्हणू लागतात की औषधात भेसळ आहे. भेसळ असेलही एखादेवेळी. पण डास बदलले आहेत, हे आधी तपासावे.

तपासण्याची रीत जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेली आहे. अंड्यांपासून वाढवलेल्या, न चावलेल्या माद्या वीस-पंचवीसच्या संख्येने नळीत घेऊन ठरावीक मात्रेचे औषध लावलेल्या कागदाच्या सहवासात एक तास ठेवायच्या, मग औषधाविना दुसऱ्या नळीत २४ तास ठेवून मृत्यू मोजायचा. मृत्यू ९८ टक्के किंवा अधिक असेल तर डास औषधाला संवेदनशील. ९० टक्क्यांच्या खाली असेल तर रोधकता सिद्ध. मधले प्रमाण संशयास्पद. आमच्या विभागात विद्यार्थ्यांनी ही चाचणी सरावाच्या पातळीवर केली, तेव्हा दुसऱ्या दिवशी औषधाच्या नळीतल्या बऱ्याच माद्या उभ्या होत्या आणि काही उडत होत्या. टक्केवारी येथे मुद्दाम देत नाही. आठ-दहा घरांतल्या अंड्यांवरून काढलेला आकडा एकदा छापला की तो शहराच्या नावावर खपवला जातो, आणि मग त्यावरून निविदा निघतात. मंडळाच्या निर्णयासाठी एवढे पुरेसे होते की त्याच कुळातले औषध वाढीव मात्रेत मारून उपयोग नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. वस्तीत धूर वर्षातून मोजक्या वेळा येतो. मशीन मात्र रोज रात्रभर चालते. डासांवर निवडीचा खरा दाब महानगरपालिकेच्या गाडीपेक्षा आपल्या भिंतीवरच्या प्लगमधून अधिक येत असावा, हे बैठकीत कोणालाच आवडले नाही. शिवाय एडिस चावतो दिवसा, आणि मशीन आपण लावतो रात्री. म्हणजे रात्रीच्या वाफेचा त्रास मुख्यतः क्युलेक्सला होतो, आणि कपाटामागे विसावलेल्या एडिसला तिची सौम्य मात्रा मिळते, जी मारत नाही पण निवड करते.

मासे आणि जीवाणू

गप्पी माशांच्या मागणीला विरोध करण्याचे कारण नव्हते, फक्त त्यांची जागा नेमकी ठरवायची होती. माशाने अळी गिळण्याविरुद्ध डासात रोधकता निर्माण होत नाही, हा त्याचा मोठा गुण. वस्तीत एक वापरात नसलेली विहीर आणि बांधकामासाठी बांधलेली दोन सिमेंटची टाकी होती. तेथे गप्पी सोडले. गॅम्बुसिया मात्र नको असे आम्ही सुचवले. हा मासा १९२८ साली भारतात आणला गेला आणि अळ्या खाण्यात तरबेज आहे, पण तो इतर माशांची पिल्ले आणि बेडकांची अंडीही सोडत नाही. पुराच्या पाण्याबरोबर तो नाल्यातून तलावात गेला तर डासांखेरीज इतरांचेच नुकसान अधिक. कूलरमध्ये गप्पी सोडण्याचा आग्रह एका गृहस्थांनी शेवटपर्यंत धरला. पंप चालू झाल्यावर त्या माशांचे काय होईल ते सांगितल्यावर तो विषय मिटला.

मोकळ्या प्लॉटमधल्या क्युलेक्ससाठी जीवाणूजन्य अळीनाशक हा योग्य पर्याय होता, परंतु येथेही जनुकांचा प्रश्न आडवा येतो. बाजारात दोन जीवाणूंची उत्पादने मिळतात. बॅसिलस स्फेरिकस घाण पाण्यात अधिक टिकतो, म्हणून नाल्यांसाठी तो सोयीचा वाटतो. त्याचे मारक विष मात्र दोन भागांचे मिळून एकच असते, आणि ते अळीच्या आतड्यातील एका विशिष्ट प्रथिनाला चिकटल्याशिवाय काम करत नाही. त्या एका प्रथिनाचे जनुक बिघडले की संपले. केरळातल्या कोचीत नव्वदच्या दशकात नेमके हेच घडले: वारंवार फवारणीनंतर तेथील क्युलेक्सच्या डासांत या जीवाणूविरुद्ध उच्च दर्जाची रोधकता आढळली. दुसरा जीवाणू बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस, म्हणजे बीटीआय, १९७६ साली इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात मेलेल्या अळ्यांतून मिळाला. त्यात चार मुख्य विषप्रथिने एकत्र असतात आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी हल्ला करतात. एका डासात चारही जागांचे बदल एकाच वेळी जुळून येणे अवघड, म्हणून दशकांच्या वापरानंतरही शेतावर-नाल्यावर त्याच्याविरुद्धची रोधकता क्वचितच दिसते. त्याची उणीव एवढीच की तो लवकर तळाला बसतो, आणि दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा टाकावा लागतो. आम्ही बीटीआय सुचवला. ज्या प्लॉटांचे मालक सापडले त्यांनी मुरूम टाकला. उरलेल्यांत मंडळ स्वतः बीटीआय टाकते आणि त्याच्या खर्चावरून कुरबुर चालू आहे.

डास दिसायला सारखा असून वागणुकीत वेगळा असू शकतो, याचे उदाहरण विदर्भाच्या परिसरातच आहे. ग्रामीण भागात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसीज हा एक डास नसून ए, बी, सी, डी आणि ई अशा पाच भगिनीजातींचा समूह आहे. सूक्ष्मदर्शकाखालीही त्या बाहेरून ओळखू येत नाहीत. गुणसूत्रांतील उलटापालटीवरून किंवा डीएनएवरून त्यांचा पत्ता लागतो. यांपैकी ‘बी’ ही बहुतांश भागात मलेरियाची अगदी कमकुवत वाहक आहे, कारण ती मुख्यतः गुराढोरांना चावते. ‘बी’चे प्राबल्य असलेल्या गावात डासांची संख्या पाहून घाबरून जाणे आणि ‘ए’ किंवा ‘सी’ असलेल्या गावात संख्या कमी म्हणून निर्धास्त राहणे, दोन्ही चूकच.

वोल्बाकियाचा प्रस्ताव

तिसरी मागणी सर्वांत आकर्षक होती, आणि तिला वेळही सर्वाधिक दिला. वोल्बाकिया हा कीटकांच्या पेशींत राहणारा जीवाणू १९२४ साली क्युलेक्स डासातच प्रथम पाहण्यात आला. तो आईकडून अंड्यातून पिढ्यान्‌पिढ्या जातो. नरात वोल्बाकिया असेल आणि मादीत नसेल तर त्यांची अंडी फळत नाहीत. मादीत असेल तर नर कसाही असो, अंडी फळतात आणि सर्व संततीत जीवाणू उतरतो. या एकतर्फी फायद्यामुळे तो एका मर्यादेपलीकडे गेला की स्वतःच्या बळावर वस्तीभर पसरतो. एडिस इजिप्तीत तो निसर्गतः नसतो. प्रयोगशाळेत फळमाशीतला ‘डब्ल्यूमेल’ किंवा एडिस अल्बोपिक्टसमधला ‘डब्ल्यूअल्बबी’ हा प्रकार त्याच्यात घातला, तर डेंग्यूचा विषाणू त्या डासात नीट वाढत नाही. इंडोनेशियातील योग्यकार्ता शहरात झालेल्या चाचणीत डब्ल्यूमेलचे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळले; तो अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पुदुच्चेरी येथील व्हीसीआरसी या रोगवाहक-नियंत्रण संशोधन संस्थेने या दोन्ही प्रकारांचे भारतीय वाण तयार केल्याचे २०२२ साली जाहीर झाले आहे.

मग ते डास आणून नागपुरात सोडावेत काय? येथे ब्राझीलमधील एक प्रसंग मार्गदर्शक ठरतो. रिओ दि जानेरोच्या तुबियाकांगा या वस्तीत २०१४ च्या सुमारास डब्ल्यूमेलचे डास सोडले, ते काही काळ वाढले, आणि सोडणे थांबवताच ओसरले. कारण शोधता असे दिसले की तेथील स्थानिक डासांत केडीआरचे प्रमाण फार मोठे होते, घरोघर पायरेथ्रॉइडचा वापर होता, आणि सोडलेले डास मात्र औषधाला बळी पडणारे होते. लोकांनी स्वतःच्या फवाऱ्यांनी पाहुणे डास मारले आणि घरचे डास राखले. पुढे स्थानिक डासांशी संकर करून रोधक जनुके असलेले वाण सोडले, तेव्हा तो जीवाणू तेथे टिकला. रोगाला आळा घालण्यासाठी आपणच औषधाला न जुमानणारे डास सोडायचे, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या ले-आऊटमधली रोज रात्रीची मशीने पाहता, तुबियाकांगाचीच पुनरावृत्ती येथे होण्याची शक्यता पुष्कळ होती.

संकराची रीत अवघड नाही, वेळखाऊ आहे. वोल्बाकियाची मादी आणि स्थानिक नर यांचा संकर करत गेले की प्रत्येक पिढीत परक्या केंद्रकीय जनुकांचा वाटा साधारण निम्मा होतो; सहा पिढ्यांनंतर तो दोन टक्क्यांच्या आत येतो. जीवाणू आणि मातेकडून येणारा मायटोकाँड्रिया तेवढे मूळचे राहतात. पुदुच्चेरीचे वाण तेथील किनारी, दमट हवेतल्या डासांवर बांधलेले आहेत. नागपूरसाठी त्यांचा नागपूरच्या अनेक मोहल्ल्यांतून गोळा केलेल्या डासांशी संकर व्हायला हवा: महाल-इतवारीच्या दाट वस्तीतले, रिंग रोडबाहेरच्या ले-आऊटमधले, झोपडपट्टीतल्या ड्रममधले. एकाच घरच्या अंड्यांवर वाण बांधले तर वैविध्य आटते आणि डास लेचापेचा निघतो.

दुसरी अडचण आपल्या उन्हाची. डब्ल्यूमेल हा प्रकार उष्णतेला नाजूक आहे. अळीच्या वयात पाणी दिवसा ३७ अंशांपर्यंत तापत राहिले तर डासाच्या अंगातला जीवाणू घटतो आणि पुढच्या पिढीत नीट उतरत नाही. ऑस्ट्रेलियातील केर्न्समध्ये नोव्हेंबर २०१८ च्या उष्णतेच्या लाटेत त्याचे प्रमाण खाली आले होते, नंतर ते सावरले. तेथे लाट काही दिवसांची होती, आपल्याकडे ती ऋतू असते. डब्ल्यूअल्बबी उष्णता अधिक सोसतो, म्हणून मलेशियात क्वालालंपूरला तोच वापरला गेला. मात्र त्याची दुसरी बाजू आहे: त्याची अंडी दीर्घकाळ कोरडी राहिली, तर त्यांतून निघालेल्या अनेक माद्या वांझ ठरतात. आता जिन्याखालचा कोरडा कूलर आठवावा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत थांबून राहिलेल्या अंड्यांत स्थानिक, जीवाणूविरहित अंड्यांचे पारडे जड राहणार, आणि पहिल्यांदा पाणी भरले की तीच बाहेर पडणार. चालू कूलरच्या थंड पाण्यात डब्ल्यूमेलला कदाचित आसरा मिळेलही. पण वीज गेली किंवा घर बंद झाले, की तेच पाणी दुपारी तापते. म्हणून नागपुरात डास सोडायचेच झाले, तर ते मार्चमध्ये नव्हे, पावसाची सुरुवात झाल्यावर, आणि त्याआधी वस्तीतले कूलर घासून घेतल्यावर सोडावेत, असे आम्ही टिपणात लिहिले.

तिसरी बाब लोकांच्या संमतीची आहे. १९६७ साली ब्रह्मदेशातील ओक्पो या खेड्यात क्युलेक्सच्या दोन वाणांमधील याच, अंडी न फळण्याच्या विसंगतीचा उपयोग करून तेथील डास जवळजवळ संपवण्यात आले होते. त्यानंतर दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचा, जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांचा संयुक्त प्रकल्प सुरू झाला. पण १९७५ मध्ये वृत्तपत्रांतील आरोप आणि संसदेच्या लोकलेखा समितीची टीका यांनंतर सोनीपतचा एडिसचा नियोजित प्रयोग रद्द झाला. त्यात शास्त्राचा दोष किती आणि लोकांना विश्वासात न घेण्याचा किती, हा वाद आजही घालता येईल. आमच्या मते दुसऱ्याचा अधिक. ले-आऊटच्या बैठकीत “आमच्या मुलांवर प्रयोग करणार काय?” हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांतच आला होता, आणि तो अडाणीपणाचा प्रश्न नव्हता.

काय ठरले

खासगी धूरफवारणीचा करार मंडळाने पुढे चालू ठेवला नाही. निश्चित निदान झालेला रुग्ण निघाला तरच, महानगरपालिकेच्या आरोग्य विभागामार्फत, त्या घराच्या भोवती फवारणी व्हावी, आणि वापरले जाणारे औषध कोणत्या गटातले आहे हे मंडळाने नोंदवून ठेवावे, असे ठरले. रात्रीच्या मशीनऐवजी मच्छरदाणी, आणि तापाच्या रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवणे, ही सूचना अर्ध्या घरांनी मानली. उरलेल्यांनी मान डोलावली. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचे आवाहन जुनेच आहे, त्यात एवढीच भर घातली की कूलर वर्षातून दोनदा, हंगाम संपताना आणि मार्चमध्ये पाणी भरण्याआधी, तारेच्या ब्रशने पाण्याच्या रेषेच्याही वरपर्यंत घासावा आणि जुनी ताटी जाळून टाकावी. हे काम आशाताईंनी घरोघर जाऊन दाखवले, तेव्हा आमच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा ते अधिक लोकांना कळले.

वोल्बाकियाचा प्रस्ताव फेटाळलेला नाही. तो एका वस्तीच्या अखत्यारीतला विषयच नाही. शासनाच्या परवानग्या, संपूर्ण शहराची आखणी आणि स्थानिक संकरित वाण यांशिवाय तो उचलता येत नाही. त्याची पूर्वतयारी मात्र आतापासून करता येण्याजोगी आहे. ले-आऊटमधील काही घरांत आणि तुलनेसाठी महालातल्या काही वाड्यांत काळ्या रंगाचे डबे, आत खादीची पट्टी आणि थोडे पाणी, असे अंडीसापळे ठेवले आहेत. दर महिन्याच्या पट्ट्यांवरील काही अंडी वाढवून संवेदनशीलतेची चाचणी केली जाते, आणि त्याच पट्टीवरील अंड्यांपासून वाढवलेले काही प्रौढ डास डीएनएच्या तपासणीसाठी अल्कोहोलमध्ये राखून ठेवले जातात. पायरेथ्रॉइडचा दाब कमी झाल्यावर रोधक रूपाचे प्रमाण उतरते की नाही, हे या कुप्यांवरूनच पुढे ठरवता येईल. रोधक जनुके बाळगण्याची किंमत डासाला मोजावी लागत असेल तर ते उतरायला हवे, आणि घराघरांतली मशीने चालूच राहिली तर ते उतरणार नाही. ज्या घरांनी मशीन बंद केले आहे त्यांच्या पट्ट्या विद्यार्थी वेगळ्या खुणेने ठेवतात, कारण शे-दोनशे मीटरच्या आत राहणाऱ्या या डासात शेजारच्या दोन गल्ल्यांमधला फरकही दिसण्याची शक्यता आहे.